दार्जिलिंगची छोटी गाडी: घाटाचं तिकीट वेगळं, वाफेचं वेगळं

दार्जिलिंगला जायचं ठरलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र असतं. धूर ओकणारं निळं इंजिन, मागे दोन-तीन डबे, आणि ही गाडी आपल्याला सिलिगुडीच्या सपाटीवरून थेट हिमालयात नेऊन सोडते. चित्र खोटं नाही, पण ते दोन निरनिराळ्या गाड्यांचं मिळून झालंय. सिलिगुडीजवळच्या न्यू जलपाईगुडी स्थानकाहून रोज वर जाणाऱ्या गाडीला आता डिझेल इंजिन असतं. कोळशावर चालणारं जुनं इंजिन भेटतं ते वर पोचल्यावर, दार्जिलिंग ते घूम आणि परत अशा दोनेक तासांच्या फेरीत. तिकडे तिला जॉयराइड म्हणतात. घाट बघायचा असेल तर एक तिकीट, वाफेचं इंजिन हवं असेल तर दुसरं. एकात दुसरं आपोआप मिळेल या भरवशावर राहिलात तर फलाटावर हिरमोड ठरलेला.

हॉटेलं, टायगर हिल, मॉल रोडवरची खरेदी यांची माहिती ढिगाने मिळते, त्यामुळे ती इथे देत नाही. इथे फक्त गाडी.

गाडी समजून घ्या, मग तिकीट काढा

इतिहास वाचायचा कंटाळा असला तरी एवढं वाचाच, कारण ही गाडी अशी का वागते ते त्यातूनच कळतं.

१८७८ साली ईस्टर्न बेंगाल रेल्वेचे एजंट, म्हणजे प्रमुख अधिकारी, फ्रँकलिन प्रेस्टेज यांनी सरकारपुढे या रेल्वेची योजना मांडली. त्याआधी दार्जिलिंगला सगळा माल बैलगाडीने, हिल कार्ट रोडने चढायचा. खाली सिलिगुडीला मिळणारा तांदूळ वर पोचेपर्यंत दुपटीहून महाग व्हायचा. प्रेस्टेज यांची युक्ती सोपी होती. डोंगर नव्याने फोडत बसायचं नाही. बैलगाडीचा रस्ता आहेच, त्याच्याच कडेने रूळ टाकायचे. १८७९ मध्ये काम सुरू झालं आणि जुलै १८८१ मध्ये गाडी दार्जिलिंगला पोचली. सुमारे ८८ किलोमीटरच्या या मार्गावर एकही बोगदा नाही. रुळांमधलं अंतर जेमतेम २ फूट, म्हणजे ६१० मिलिमीटर. आपल्या नेरळ-माथेरानची गाडीही याच मापाची, फक्त ती १९०७ मध्ये आली. माथेरानच्या रुळांवर चालवून बघायला दार्जिलिंगचं एक इंजिन नेरळला आणलंही गेलं होतं.

रस्त्याच्या कडेने रूळ टाकण्याचा मोबदला असा, की गाडी आजही रस्त्याच्याच कलाने चालते. शंभरहून अधिक ठिकाणी ती रस्ता ओलांडते, बहुतेक ठिकाणी फाटक वगैरे काही नाही. जीपवाले थांबतात, किंवा थांबत नाहीत आणि मग गाडी थांबते. ताशी १०-१५ किलोमीटरच्या पुढे ती फारशी जात नाही. घाईच्या माणसाने तिच्या वाटेला जाऊ नये, हे मी स्पष्टच सांगतो. सिलिगुडीहून जीप तीन-साडेतीन तासांत दार्जिलिंगला टेकते. गाडीला सात तासांहून जास्त लागतात.

आता चढायचं कसं? उटीच्या गाडीला रुळांमध्ये दातेरी पट्टी आहे, तीत इंजिनाचं दातेरी चाक अडकतं. इथे तसलं काही नाही. साध्या चाकांनी, नुसत्या घर्षणावर चढायचं. त्यासाठी दोन गोष्टी केल्या आहेत.

पहिली म्हणजे लूप. गाडी एक पूर्ण वळसा घेते आणि स्वतःच्याच रुळांवरून, पुलावरून, पलीकडे जाते. सध्या असे तीन लूप आहेत: चुनाभट्टी, अ‍ॅगनी पॉइंट आणि बतासिया. तिनधरियाच्या वरचा अ‍ॅगनी पॉइंट सगळ्यांत आवळलेला. तिथे खिडकीतून बघितलं तर आपल्याच गाडीचं इंजिन समोरून वळून येताना दिसतं.

दुसरी म्हणजे झेड. वळसा घ्यायलाही जागा नसेल तिथे गाडी सरळ पुढे जाऊन थांबते, सांधेवाला सांधे बदलतो, गाडी मागच्या मागे चढत जाते, पुन्हा थांबते, पुन्हा सांधे बदलतात, आणि ती परत पुढे निघते. मिनिटभरात गाडी एक पायरी वर आलेली असते. असे सहा झेड आहेत. बोरघाटात १८६३ पासून पुढे कित्येक दशकं खंडाळ्याजवळ गाड्या अशाच दिशा बदलून चढायच्या. ते स्थानक केव्हाच इतिहासजमा झालं. इथे तो प्रकार आजही रोज चालतो.

आता कामाची गोष्ट. सगळे झेड आणि तीनपैकी दोन लूप वाटेतल्या कर्सियांग गावाच्या खाली आहेत. ‘वेळ वाचावा म्हणून कर्सियांगपर्यंत जीपने जाऊ, तिथून गाडी पकडू’ हा सल्ला बरेच जण देतात. त्यात बाजार, धुकं, बतासिया सगळं मिळतं, पण या रेल्वेतली खरी करामत खालच्या निम्म्या भागातच राहून जाते. मुलं लहान असतील तर कर्सियांग-दार्जिलिंग ठीक आहे. रेल्वेची आवड म्हणून चालला असाल तर पूर्ण मार्गच करा.

महिना

ऑक्टोबरचा उत्तरार्ध ते डिसेंबरची सुरुवात हा सर्वांत चांगला काळ. आकाश धुतल्यासारखं असतं आणि कांचनजंगा दिसण्याची शक्यता सगळ्यांत जास्त. मार्च ते मे हवा सुखद, पण धूसर. शिखरं अनेकदा दिसतच नाहीत.

जून ते सप्टेंबर गाडीसाठी जाऊ नका. दरडी कोसळतात, रूळ खचतात, सेवा अर्ध्यावर तोडतात किंवा बंदच ठेवतात. २०१० मध्ये पागलाझोऱ्याला आणि २०११ मध्ये तिनधरियाला दरड कोसळली, त्यानंतर पूर्ण मार्गावर गाडी पुन्हा धावायला २०१५ उजाडलं. आणि ऑक्टोबर लागला म्हणजे पाऊस संपला असं धरू नका. २०२५ च्या ऑक्टोबरच्या पहिल्याच आठवड्यात दार्जिलिंगच्या डोंगरांत अतिवृष्टी होऊन दरडींखाली माणसं दगावली. दसऱ्याच्या आसपास जाणं आणखी एका कारणाने टाळा. दुर्गापूजेच्या सुट्टीत निम्मं कोलकाता दार्जिलिंगला असतं. आपल्या दिवाळीच्या सुट्ट्यांत गर्दी असतेच, पण पूजेपेक्षा बरी.

चढताना की उतरताना?

याबद्दल फारसं कोणी बोलत नाही, आणि माझ्या मते सगळ्या बेतात हाच निर्णय महत्त्वाचा.

खालची गाडी सकाळी दहाच्या सुमारास न्यू जलपाईगुडीहून निघते आणि संध्याकाळी पाच वाजून गेल्यावर दार्जिलिंगला पोचते, तीही वेळेवर असली तर. मुंबई-पुण्याच्या सवयीने पाच म्हणजे लख्ख उजेड. पण दार्जिलिंग आपल्यापेक्षा कितीतरी पूर्वेला आहे, घड्याळ मात्र एकच. डिसेंबरात तिथे पावणेपाचच्या आधीच सूर्य मावळतो, म्हणजे मुंबईपेक्षा सव्वा तास लवकर. परिणामी हिवाळ्यात वर जाणाऱ्या गाडीत सोनादा, घूम, बतासिया हा शेवटचा, सगळ्यांत उंचावरचा टप्पा काळोखात जातो. बाहेर काचेवर फक्त आपलंच तोंड दिसतं, आणि गाडीत सगळे कुडकुडत बसलेले.

म्हणून नोव्हेंबर ते जानेवारी जाणार असाल तर उलटा बेत करा. जाताना जीप, येताना गाडी. सकाळच्या स्वच्छ उजेडात बतासिया आणि घूम मिळतात, ऊन चढेल तसे तुम्ही उबेकडे उतरत जाता, आणि झेडसुद्धा दिवसाउजेडी दिसतात. चढणीतली गंमत, इंजिनाची धाप आणि डब्बा मागे खेचला जाण्याचा तो ताण, उतरताना थोडी कमी होते हे कबूल. एप्रिल-मेमध्ये उजेड पुरतो, तेव्हा चढतानाच जा.

सिलिगुडी गाठणं

विमानाने बागडोगरा, मुंबईहून थेट विमानं आहेत. विमान सहसा अशा वेळी उतरतं की त्या दिवशीची छोटी गाडी मिळत नाहीच, त्यामुळे चढताना गाडी धरायची असेल तर एक रात्र सिलिगुडीत काढावी लागते. मुंबईहून रेल्वेने थेटही येता येतं, लोकमान्य टिळक टर्मिनसहून आसामकडे जाणाऱ्या आठवड्याच्या गाड्या न्यू जलपाईगुडीवरून जातात. मात्र दोन रात्री गाडीत काढायची तयारी हवी.

मला कोलकात्यावरून जाणं आवडतं. सियालदहहून रात्री निघणारी दार्जिलिंग मेल सकाळी आठच्या सुमारास न्यू जलपाईगुडीला आणून सोडते, मध्ये चहा-पुरीला वेळ मिळतो आणि दहाची छोटी गाडी सापडते. मेलला उशीर झाला तर छोटी गाडी तुमच्यासाठी खोळंबत नाही, हे लक्षात असू द्या. छोट्या गाडीचा फलाट त्याच स्थानकात, पण बाजूला आहे. मोठ्या फलाटांवर शोधत फिरू नका, हमालाला ‘टॉय ट्रेन’ म्हणा.

शेअर जीप न्यू जलपाईगुडी स्थानकाबाहेर आणि सिलिगुडी जंक्शनशेजारच्या तेनझिंग नोर्गे बसस्थानकापाशी मिळतात. दहा माणसं भरल्याशिवाय सुटत नाहीत. चौघं-पाच जण असाल तर पूर्ण जीप ठरवणं परवडतं.

तिकिटं

दोन्ही तिकिटं आयआरसीटीसीवर मिळतात. घाटाच्या गाडीसाठी न्यू जलपाईगुडीचा संकेत एनजेपी, दार्जिलिंगचा डीजे, कर्सियांगचा केजीएन. जॉयराइड शोधताना मात्र लोक अडकतात. ती जिथून निघते तिथेच परत येते, आणि दार्जिलिंग ते दार्जिलिंग असं तिकीट संगणक देत नाही. त्यासाठी शेवटचं स्थानक म्हणून डीजेआरझेड असा वेगळा संकेत ठेवलाय. डीजे ते डीजेआरझेड असं टाकलं की दिवसभरातल्या फेऱ्यांची यादी येते.

यादीत नीट बघा, कारण जॉयराइडही दोन तऱ्हेच्या आहेत, वाफेच्या आणि डिझेलच्या. वाफेचं तिकीट महाग, माणशी हजाराच्या वर. डिझेलची फेरी तोच रस्ता, तेच थांबे, तेवढाच वेळ. पैसे वाचवायला डिझेल घ्यायचं आणि मग धूर नाही म्हणून हळहळायचं, यात अर्थ नाही. बजेट आवळायचं असेल तर जॉयराइड सोडा, घाटाच्या गाडीने जा. तीही बतासिया-घूमवरूनच जाते आणि किलोमीटरमागे खूपच स्वस्त पडते.

हंगामात बुकिंग उघडताच तिकिटं संपतात. मिळालं नाही तर अधूनमधून पुन्हा बघत राहा, कारण गर्दी वाढली की पूर्वोत्तर सीमांत रेल्वे जादा फेऱ्या सोडते. दार्जिलिंगला पोचल्यावर स्थानकाच्या खिडकीवरही चौकशी करा. चौकात ‘टॉय ट्रेन, टॉय ट्रेन’ करत मागे लागणाऱ्यांकडून तिकीट घेऊ नका; नाव तुमचं नसेल तर ते तिकीट तुमचं नाही.

जॉयराइडची वेळ निवडताना सकाळची पहिली फेरी घ्या. दहा-अकरानंतर ढग वर येऊ लागतात आणि कांचनजंगा झाकली जाते. आणि हो, ही फेरी मुक्कामाच्या पहिल्याच पूर्ण दिवशी ठेवा. काही कारणाने रद्द झाली तर दुसऱ्या दिवशी प्रयत्न करायला वाव राहतो.

घाटाचा दिवस

डबे अरुंद आहेत. मोठ्या चाकांच्या बॅगा ठेवायला जागाच नाही. दोन आसनांमधली वाट अडते आणि दिवसभर सगळ्यांची बोलणी खावी लागतात. सामान थोडक्यात आणा. चारचौघांचं कुटुंब असेल तर एकाने मोठं सामान घेऊन जीपने जावं असाही तोडगा काही जण काढतात. तो एक जण कोण, हे घरीच ठरवून निघा.

कुठल्या बाजूला बसायचं यावर वाद घालू नका. लूप आणि झेडमुळे दरी सारखी बाजू बदलते. खिडकी मिळाली म्हणजे झालं.

चढत जाणार असं धरून मार्ग सांगतो. उतरताना उलटा वाचा. सुकना स्थानकापर्यंत सगळं सपाट. तिथे चहाचे मळे मागे पडतात, सालाचं रान सुरू होतं आणि गाडीचा सूर बदलतो. चढ इथूनच आहे. रंगटंगनंतर चुनाभट्टीचा लूप आणि झेड लागतात. तिनधरियाला या रेल्वेची कार्यशाळा आहे, वाफेच्या इंजिनांची डागडुजी आजही तिथेच होते. जुने भाग बाजारात मिळत नाहीत, घडवावे लागतात. पुढे अ‍ॅगनी पॉइंट, गयाबारी, मग पागलाझोरा. नावातच वेड आहे, आणि पावसाळ्यात हा झरा नावाला जागतो. महानदी हे पुढचं स्थानक.

कर्सियांगला जेवून घ्या. गाडी इथे बराच वेळ थांबते. स्थानक मुख्य मार्गापासून आत, टोकाला असल्याने गाडी आत येते ती परत मागे सरकूनच बाहेर पडते. मोमो, थुक्पा, आलू दम काहीही गरम मिळेल ते घ्या, पण गार्डाला विचारून किती वेळ आहे ते कळल्याशिवाय लांब जाऊ नका. दुकानदाराला ‘दाजु’, बाईंना ‘दिदी’ म्हटलं की काम सोपं होतं. भाषा नेपाळी आहे, पण लिपी देवनागरी, त्यामुळे दुकानांच्या पाट्या मराठी माणसाला अडखळत का होईना वाचता येतात.

कर्सियांगहून निघाल्यावर लगेचचा बाजार हा सगळ्या प्रवासातला माझा आवडता भाग. रूळ दुकानांच्या उंबऱ्यांना इतके खेटून आहेत की भाजीवाल्यांच्या टोपल्या रुळांपर्यंत मांडलेल्या असतात. भोंगा ऐकू आला की एक हात बाहेर येतो, मुळ्याच्या जुड्या आत ओढल्या जातात, गाडी जाते, जुड्या पुन्हा बाहेर. कोणी मान वर करून बघतही नाही. इथे हात, डोकं, मोबाईल काहीही खिडकीबाहेर काढू नका. गाडी हळू आहे म्हणून लोक निर्धास्त होतात, आणि शटरची कड मात्र वीतभर अंतरावरून जाते. मुलांना आतल्या बाजूला बसवा.

तुंग, सोनादा करत गाडी धुपीच्या उंच झाडांत शिरते. दुपारीही इथे धुकं उतरतं आणि एकदम गारठा वाढतो, तेव्हा स्वेटर सामानाच्या तळाशी ठेवू नका. घूम २,२५८ मीटरवर, भारतातलं सर्वांत उंचीवरचं रेल्वे स्थानक. दार्जिलिंग त्यापेक्षा दीडशेहून अधिक मीटर खाली आहे, म्हणून शेवटचा टप्पा उताराचा.

गाडीत शौचालयाची सोय असेलच असं धरून चालू नका. मोठ्या थांब्यांवर जाऊन घ्या. ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर सात तास हा याच कारणाने विचार करण्यासारखा आकडा आहे.

वाफेची फेरी

आता मुख्य पाहुणा. ही इंजिनं ‘बी क्लास’ म्हणून ओळखली जातात. ग्लासगोच्या शार्प स्टुअर्ट कंपनीने १८८९ पासून ती बनवायला घेतली. पुढे इतर कारखान्यांत आणि तिनधरियालाही काही तयार झाली. एकूण ३४ झाली, त्यातली थोडीच आज धावतात. चाकं चारच, त्यामुळे आवळलेल्या वळणांवर ती सहज फिरतात. पाण्याची टाकी खोगिरासारखी बॉयलरवर टाकलेली, आणि कोळसाही मागे वेगळ्या डब्यात न ठेवता बॉयलरच्याच पाठीवर. सगळा भार चाकांवर यावा, चाकं घसरू नयेत, हा त्यामागचा हिशेब. तरीही दवात, पावसात चाकं जागच्या जागी फिरतात. मग इंजिनाच्या नाकावर बसलेली माणसं हाताने रुळांवर वाळू टाकतात. या कामाला आजवर यंत्र मिळालेलं नाही. काही इंजिनांना नावंही आहेत, ‘आयर्न शेर्पा’, ‘हिमालयन बर्ड’ अशी; पाटी शोधा.

सुटायच्या वेळेपेक्षा तासभर आधी जा. इंजिनांची शेड स्थानकासमोरच, रस्त्यापलीकडे आहे. आत शिरायला परवानगी लागते, पण रस्त्यावरूनही पुष्कळ दिसतं. फायरमन हातोडीने कोळसा फोडत असतो, कारण या भट्टीचं तोंड लहान, मोठे दगड चालत नाहीत. कोणीतरी लांब चोचीचं तेलाचं भांडं घेऊन एकेका सांध्यात दोन-दोन थेंब सोडत चाकांभोवती फिरतो. वाफेचा दाब पुरेसा झाला की वरची झडप सुटते आणि असा काही फुस्कार निघतो की जवळ उभी असलेली मंडळी दचकून मागे सरकतात.

फेरी अशी असते. गाडी बाजारातून, रस्त्याच्या कडेने, चढत बतासियाला पोचते. हा लूप १९१९ मध्ये बांधला, चढ सौम्य करण्यासाठी. मधोमध बाग आहे आणि धारातीर्थी पडलेल्या गोरखा सैनिकांचं स्मारक, जे १९९५ मध्ये उभारलं. इथे साधारण दहा मिनिटं मिळतात, आणि समोर कांचनजंगा असेल तर ती दहा मिनिटं पुरत नाहीत. म्हणून आधी डोंगर बघा, फोटो मग. भोंगा वाजला की निमूट डब्यात; गोरखा पोशाख भाड्याने घेऊन फोटो काढण्याच्या नादात लोक मागे राहतात.

घूमला जवळजवळ अर्धा तास. स्थानकाच्या माडीवर छोटं संग्रहालय आहे, ते जॉयराइडच्या तिकिटातच बघता येतं. आवारात ‘बेबी सिवोक’ नावाचं चिमुकलं इंजिन उभं आहे. संग्रहालय दहा मिनिटांत उरका आणि खाली या, कारण तोवर इंजिन डब्यांपासून सुटून शेजारच्या रुळावरून दुसऱ्या टोकाला येतं आणि परतीसाठी जोडलं जातं. हे जोडणं अगदी हाताच्या अंतरावरून बघायला मिळतं. रुळांवर उतरून सेल्फी मात्र नको.

कपडे जुने आणि गडद घाला. काजळी सगळीकडे बसते, खिडकीपाशी डोळ्यांत कोळशाची कच जाते. साधा चष्मा असला तरी पुरे. दम्याचा त्रास असेल तर इंजिनापासून लांबचा डबा मागा, आणि इन्हेलर खिशात असू द्या.

एकदा बाहेरूनही बघा

गाडीत बसलं की इंजिन दिसत नाही. वळणावर क्षणभर झलक, बाकी नुसता आवाज आणि वास. म्हणून एक सकाळ रिकामी ठेवा. दार्जिलिंगहून घूमकडे जाणारी शेअर जीप धरून बतासियाला उतरा, थोडकं प्रवेश शुल्क भरा आणि गाडीची वाट बघा. चढ चढून आलेलं इंजिन धापा टाकत लूपमध्ये शिरतं आणि तुमच्याभोवती पूर्ण वळसा घालून पुढे जातं. वाफेचं तिकीट मिळालं नाही त्यांनीही एवढं केलंच पाहिजे. माझ्या मते छायाचित्रासाठी ही आतल्या आसनापेक्षा सरस जागा आहे.

युनेस्कोने १९९९ मध्ये ही रेल्वे जागतिक वारसा यादीत घेतली. पुढे उटी आणि शिमल्याच्या गाड्या तिच्याच जोडीला नोंदल्या गेल्या. उटीला मेट्टुपालयम-कुन्नूर हा घाट आजही वाफेवर चढता येतो, तेव्हा ‘वाफेवर पूर्ण घाट’ हाच हट्ट असेल तर दार्जिलिंगऐवजी तिकडचा विचार करा.

परतीचा बेत

उतरायच्या दिवशी बागडोगऱ्याहून विमान ठेवू नका. छोटी गाडी तासभर उशिरा पोचणं नेहमीचंच, त्यात रस्त्यावर ट्रक बंद पडला की तीही अडकते. त्या रात्रीची दार्जिलिंग मेल ठीक, किंवा सिलिगुडीत मुक्काम. गाडी सुटेल की नाही याची चौकशी आदल्या संध्याकाळी स्थानकावर जाऊन करा. रेल्वेनेच ती रद्द केली तर ई-तिकिटाचे पैसे खात्यात परत येतात, पण जागा मात्र तुम्हालाच शोधावी लागते. अशा वेळी सकाळीच जीप धरा. दुपारनंतर दार्जिलिंगहून खाली जाणाऱ्या शेअर जीप कमी होत जातात, आणि उरलेले चालक भाडं मनाला येईल ते सांगतात.